जरा मोडून बोला

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला,
बाई, तुमची हिंदी फार साफ आहे.
जरा मोडून बोला.

मी ग्वाल्हेरची, लश्करात वाढले.
घरात मराठी, जिना उतरला की हिंदी,
आणि मधल्या पायऱ्यांवर दोघींची मिळून एक तिसरी,
जिला पुण्याच्या मावसबहिणी अजून हसतात:
"येऊन राहिली आहे ना मी!"
साफ हिंदी एवढीच माझी इस्टेट.
ती मोडायला अंधेरीत शिकले.
दरवाजा 'खुली', चाय 'बनाया',
वाक्याच्या शेपटाला एक 'ना' टांगायचा.
चार दिवसांत जमलं.
बावीस वर्षं पुरलं.

नावं बदलत गेली. चंपा, कमळा, रखमा,
एकदा तर नुसतीच बाई.
हिरवं लुगडं तेच, चमकी तीच.
कपड्यांच्या पेटीवर माझं नाव नसायचं,
खडूनं लिहिलेलं असायचं: बाई, मीडियम.
एकोणीस घरं झाडली.
एकाही घराला छत नव्हतं.
दोनदा हार चोरल्याचा आळ आला,
एकदा खरंच चोरला,
तो माझा सगळ्यात मोठा सीन. साडेचार मिनिटं.
दीड कापली.

पैशांबद्दल तक्रार नाही.
कंपूतली ही दुसऱ्या मजल्यावरची जागा,
बाबांचे डोळे, विनयची फी,
सगळं त्या लुगड्याच्या ओच्यातून आलं.

छप्पन्नाव्या वर्षी बुडापेस्टहून बोलावणं.
तिथे मी काबूलची आई.
पुढच्या हिवाळ्यात त्याच गल्लीत,
दुकानांच्या पाट्या बदलून, मोसूलची.
बाहेर उणे सहा, अंगावर उन्हाळ्याचे कपडे,
आणि टेकच्या आधी तोंडात बर्फाचा खडा,
श्वासाची वाफ दिसू नये म्हणून.
मुलगा मरायचा. मी खडा गिळायचे.
मग ओरडायचे.

उच्चार शिकवायला झोफी नावाची पोरगी होती,
गोड, सारखी माफी मागणारी.
म्हणाली, तुमचं इंग्रजी जरा फारच...
म्हटलं, कळलं.
आणि मोडलं, जसं येत होतं तसं.
कोणाला पत्ता लागला नाही
की काबूलची आई
अंधेरीच्या चंपासारखी रडते आहे.
उलट टाळ्या पडल्या. झोफीनं डोळे पुसले.
फार खरं वाटलं, म्हणाली.

आता मे महिना. कूलर घरघरतोय,
किल्ल्यामागून धुळीचं वादळ येऊन गेलंय,
फरशीवर चिमूटचिमूट भिंडची माती.
रामश्री पुसते आहे.
तिची हिंदी चंबळकडची, धडधाकट,
एक शब्द कुठे मोडलेला नाही.

"दीदी, एक बात कहें? बुरा मत मानियो."
म्हटलं, बोल.
"टीवी में तुम पोंछा ग़लत निचोड़ती हो.
बीस बरस से देख रहे हैं.
ऐसे तो कलाई चली जाएगी."

बावीस वर्षं.
कॅमेरामन, समीक्षक, ते एक सन्मानचिन्ह,
कोणी काही बोललं नव्हतं.
तिनं दाखवलं: कोपर बरगडीला टेकवायचं,
पीळ मनगटातून नाही, खांद्यातून.
"और ये गुनगुनाती काहे हो?
पोंछे में साँस लगती है."

मी पदर खोचला. बादली ओढली.
वर छत होतं, पंख्याला जाळं होतं,
ॲक्शन कोणी म्हणालं नाही.
दाराकडून खिडकीपर्यंत आले, उकिडवी,
गुडघे कुरकुरत, तोंड बंद ठेवून.
घामाचा थेंब फरशीवर पडला, तोही पुसला.

रामश्री खुर्चीवर बसली होती,
माझ्या घरात पहिल्यांदाच, अगदी काठावर,
हनुवटी तळहातावर.
बराच वेळ पाहत राहिली.

मग म्हणाली,
"फिर से."